पाठीकडचं दार

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी बाजूला टाकशील, मग चहा पिशील, मग उघडशील. माहीत आहेत मला तुझी नाटकं. सात वर्षांत माणूस तेवढा बदलत नाही.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच गळा काढायला नाही. यंदा आपल्या चर्चला दीडशे वर्षं होतात. नवीन फादरांच्या मनात आलंय की पॅरिशचा आणि गावाचा मिळून एक छोटा इतिहास छापायचा. नवीन म्हणजे येऊन दोन वर्षं झाली त्यांना, पण आपल्याकडे माणूस मरेपर्यंत नवीनच असतो. तर ते घरोघर फिरतात, म्हाताऱ्यांना बोलतं करतात. स्वभावाने गोड, कुणी काही पुढे केलं तर नाही म्हणत नाहीत, त्यामुळे लोक हवं ते सांगतात आणि नको तेही सांगतात. परवा मला विचारत होते, "तुमच्या वडिलांनी चर्चची मागची भिंत दुरुस्त केली होती म्हणे. त्याबद्दल कोण सांगेल?" म्हटलं, माझा भाऊ सांगेल, तो तेव्हा बाबांच्या हाताखाली होता. तेव्हा आठवेल ते लिहून पाठव. भिंत किती जाड, आत काय निघालं, वरचं वजन कशावर आहे, सगळं.

या फादरांची पहिल्या दिवसाची गंमत तुला कळली नसेल. बस रस्त्यावर थांबली, समोर चर्च दिसलं, म्हणून बॅग घेऊन सरळ भिंतीपाशी गेले आणि दार शोधत बसले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोनदा गेले. शेवटी माझ्या दुकानात येऊन विचारतात, "बाई, आत कुठून जातात?" मी म्हटलं, "फादर, आमच्या गावाकडे देवाने पाठ केलीय. तोंड बघायचं तर भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांना ओहोळ आहे, त्यात उतरा, फरशीपूल ओलांडा, पलीकडे चढा, कबरींमधून जा आणि नदीकडून आत या." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग बुटात पाणी गेलं तेव्हा पटलं.

बाकी सगळं छान चाललंय. माझं मशीन खडखडतंय, शाळेचे गणवेश आणि वेदीची वस्त्रं दोन्ही माझ्याकडेच. तुझ्या भाऊजींचं सायकलचं दुकान बरं चाललंय, म्हणजे गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त. आई बरी आहे.

आई बरी आहे असं लिहिलं आणि उठून गेले. दोन शर्टांच्या कॉलरी शिवल्या, तरी मन लागेना. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आई बरी नाही. म्हणजे जेवते, झोपते, सगळ्यांना नावं ठेवते, ते सगळं जागेवर आहे. गुडघे गेलेत. घरातून रस्त्यापर्यंत काठी घेऊन येते, सपाटीवर पन्नास पावलं मजेत टाकते, पण चढउतार म्हटला की संपलं. ओहोळाची वाट आता तिला जमत नाही. चर्च आपल्या दारासमोर, रस्ता ओलांडला की भिंत, आणि दोन वर्षं झाली ती आत गेलेली नाही.

भिंतीचं तेवढं लिही.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. भिंतीचं चित्र छान काढलंयस. फादर खूश झाले. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "आई सपाटीवर चालते ना?" एवढंच लिहिलंयस, ते मी त्यांना दाखवलं नाही. तो भाग कापून मशीनच्या खणात ठेवला.

हो, चालते. पण ऐक. सुताराने आणि तुझ्या भाऊजींनी ठरवलं, खुर्चीला दोन दांडे बांधायचे आणि रविवारी आईला उचलून न्यायचं. खुर्ची तयार करून दारात आणली. आईने तिच्याकडे बघितलं, दोघांकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला उचलून न्यायचा एकच दिवस असतो. तो आला की न्या, तेव्हा मी नाही म्हणणार नाही." सुतार बिचारा दांडे सोडून घरी गेला. आता फादर दर शुक्रवारी ख्रिस्तशरीर, वेदीवरची पवित्र भाकर, घेऊन घरी येतात. आई डोक्यावर पदर घेऊन बसते, भक्तिभावाने घेते, आणि ते गेले की म्हणते, "देव माझ्याकडे येतो हे बरंय, पण मला त्याच्याकडे जायचंय. एकट्याने येरझाऱ्या घालून तोही कंटाळेल."

तिला स्वतःच्या पायांनी आत जायचंय, धाकट्या. एवढंच हवंय तिला.

मग तू म्हणशील, भिंतीत दार काढा. तू म्हणालाच होतास की. तेव्हाची सभा मला काल झाल्यासारखी आठवते. बाबा आजारी, जेमतेम चार पावलं टाकणारे, तू शाळेच्या खोलीत उभा राहून सांगतोयस की वेदीच्या डाव्या हाताला भिंतीत दार काढू, रस्ता आणि आतली फरशी एका पातळीत आहे, बाबांना हाताला धरून नेता येईल. घड्याळजी उठले आणि म्हणाले की पूर्वजांनी जे नदीकडे तोंड केलं ते काय मूर्ख म्हणून? ते बोलणारच, चर्चच्या घड्याळाला चावी देतात म्हणजे काळाचेच मालक. पण त्यांच्यामागून आई उठली. "आपण कबरींमधून जातो म्हणून आपली माणसं आपल्याला भेटतात. समोर दार झालं की लोक सरळ आत आणि सरळ बाहेर. मेलेल्यांना विचारणार कोण? माझ्या घरातला माणूस त्या भिंतीला हात लावणार नाही." सख्खी आईच विरोधात म्हटल्यावर तुझ्या बाजूने कोण बोलणार! विषय तिथेच मिटला.

आणि बाबा त्यानंतर एकदाच चर्चमध्ये गेले, ते तुमच्या खांद्यांवरून. ओहोळात उतरताना पेटी तिरकी झाली, तुझा पाय घसरला, आणि तू सगळ्यांसमोर आईकडे वळून जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. संध्याकाळच्या गाडीने गेलास. मी तुला तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. पण तिला समजून घ्यायचं तर एक गोष्ट ऐक. मागच्या महिन्यात तुझे भाऊजी सहज म्हणाले, "आई, आता दाराचा विषय परत काढू या का?" ती भांडी पुसत होती. पुसता पुसता थांबली. "त्यांच्यासाठी नाही म्हणाले मी. आता स्वतःसाठी हो म्हणू? तोंड आहे का मला?"

हे ती मला म्हणाली नाही, जावयाला म्हणाली. मला कळू देणार नाही. पण आपलं घर केवढं, भिंती केवढ्या! ऐकलं मी.

तुला लिहिलंय हे तिला माहीत नाही.

ताई


११ मार्च

धाकट्या,

गावात एवढं काही घडलंय की पत्र पुरणार नाही. बसून वाच.

फादरांच्या इतिहासाचं घोडं एकाच प्रश्नावर अडलं होतं. चर्चने नदीकडे तोंड का केलं? घड्याळजी म्हणाले, सूर्य मावळताना आत प्रकाश यावा म्हणून. पिठाच्या गिरणीवाले म्हणाले, पहिल्या फादरांना मासे धरायचा नाद होता, गळ टाकलेला आतून दिसावा म्हणून. शाळेतल्या बाई म्हणाल्या, गावाचं आणि फादरांचं भांडण झालं, रागाने त्यांनी पाठ केली. प्रत्येक घरात वेगळी कथा, आणि प्रत्येक जण म्हणणार आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलं!

शुक्रवारी फादर आईकडे आले तेव्हा हेच सगळं हसून सांगत होते. आई ऐकत होती. मग म्हणाली, "काय एकेक अक्कल पाजळतात! तेव्हा रस्ता कुठे होता? पूल कुठे होता? गाव खाली नदीकाठी होतं, पलीकडची माणसं नावेने यायची. मोठा पूर आला, घरं वाहून गेली, तेव्हा सगळे टेकाडावर चर्चमध्ये राहिले आणि नंतर वर येऊन वसले. माझ्या सासूबाई सांगायच्या. तोंड नदीकडे, पाठ गावाकडे, असं काही कुणी ठरवलं नाही. माणसं ज्या बाजूने येतात त्या बाजूला दार ठेवतात. त्यात काय मोठं!"

बोलून गेली आणि जीभ चावली. मी दाराआड उभी होते, माझ्या लक्षात आलं. फादरांच्याही आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "चहा घेणार का?"

फादर घरून निघाले ते बहुधा विचारात होते, कारण ओहोळात उतरताना फरशीवरून पाय सटकला आणि घोटा मोडला. तुझ्या भाऊजींनी त्यांना दुकानातल्या हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालून आणलं, आणि मग आली खरी पंचाईत. फादरांचं घर गावात, चर्च पलीकडे. त्यांनाही वळसा जमेना! रविवारी चौघांनी उचलून नेलं त्यांना. त्याच खुर्चीवरून, आईसाठी केलेल्या. आई खिडकीतून बघत होती. हसली नाही, पण मला म्हणाली, "दांडे चांगले बांधलेत."

आणि त्या रविवारचं प्रवचन! वेदीपाशी प्लास्टरचा पाय पुढे करून बसले आणि म्हणाले, "दोन महिने मी विचारत फिरतोय की आपल्या पूर्वजांनी दार नदीकडे का ठेवलं. उत्तर मिळालं. माणसं त्या बाजूने यायची. आता माणसं कुठल्या बाजूने येतात?" बस्स. तिथेच संपवलं. नाव कुणाचं घेतलं नाही, एवढं त्यांना भान आहे.

घड्याळजी उठून काही म्हणतील असं वाटलं. पण खुर्चीचा एक दांडा त्यांच्याच खांद्यावर होता, आणि परत न्यायचं बाकी होतं. नंतर दारासाठी सभा झाली, तिथे फक्त म्हणाले, "घड्याळाला हादरा बसता कामा नये." म्हणजे झाला होकार.

आईला मी घरी येऊन सांगितलं. इतकी चिडली की विचारू नकोस. "माझ्या तोंडातलं वाक्य उचललं! पाद्री आहेत की पाकीटमार?" म्हटलं, तुझं नाव नाही घेतलं गं. "नाव घेतलं नाही म्हणून काय झालं? देवाला माहीत आहे ना." रात्री जेवली मात्र नेहमीपेक्षा जास्त.

आता मुद्द्याचं. बाजारातले दोन ठेकेदार भिंत बघून गेले. एक म्हणतो सगळी मागची बाजू पाडून सिमेंटचे खांब घालू. दुसरा म्हणतो हात लावला तर वरची कमान खाली येईल, मी नाही बाबा. तुझं चित्र दाखवलं तर दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. फादर म्हणाले, "हे ज्याने काढलंय तो येईल का?" मी म्हटलं, विचारते.

तर विचारतेय. येशील का?

ताई


२७ मार्च

अरे शहाण्या,

तुझ्या अटी वाचल्या. घरी राहणार नाही. फादरांच्या घरी राहीन. रस्त्याच्या बाजूने काम करणार नाही, आतून करीन. कुणी मला जुनं काही विचारायचं नाही. मजुरी घेणार नाही.

वा! राजेसाहेब येताहेत म्हणजे! आणि समोर आपलं घर, तिथे तुझी खोली, तुझ्या खोलीत तुझा पलंग, ते सोडून तू दुसऱ्याच्या घरी वळकटी टाकणार? आईला काय वाटेल, शेजारी काय म्हणतील, काही नाही. आईचा सुंभ जळला तरी पीळ गेला नाही असं मी आजवर म्हणत आले, आता कळलं पीळ कुठे कुठे उतरलाय. खाण तशी माती.

आईला सांगितलं तू येतोयस. ती म्हणाली, "कुठे उतरणार?" मी सांगितलं. ती म्हणाली, "फादरांकडची गादी पातळ आहे. आपली पाठवून दे." बस, एवढंच.

गादी मी पाठवणार नव्हते, रागाने. मग पाठवली.

ये. अटींसकट ये.

ताई


१६ एप्रिल

धाकट्या,

एकाच गावात राहून पत्र लिहिते म्हणजे मला वेड लागलंय असं तुझ्या भाऊजींचं मत आहे. पण तुझ्याशी बोलायला आले की तू भिंतीकडे बघून हो-नाही करतोस. म्हणून लिहून डब्यात ठेवतेय. जेवताना तरी वाचशील. हात धुऊन वाच, चुना लागेल.

काल तू आतल्या बाजूला होतास. रस्त्याच्या बाजूला काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगते.

तू आल्यापासून आई रोज सकाळी खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसते. ऊन आलं की सरकते, पण उठत नाही. पहिले काही दिवस तू आतून पलिस्तर काढत होतास, वरच्या दगडांखाली लाकडी टेकू घालत होतास, बाहेर फक्त ठकठक ऐकू यायची. ती कान देऊन ऐकायची. "आता छिन्नी बदलली." "आता थांबला, पाणी पीत असेल." "हे बाबांसारखं मारतोय, दोन हलके, एक जोरात." कुणी विचारलं की इथे कशाला बसलीस, तर म्हणायची, "ऊन खातेय." कडक ऊन होतं, धाकट्या. कुणी खात नाही असलं ऊन.

काल दुपारी पहिला दगड हलला. आधी चुन्याची रेघ पडली, मग धूळ आली, मग दगड थोडासा पुढे आला. मी दुकानातून पळत आले. आई उठून उभी होती, काठीशिवाय. तू आतून ढकललास, खाली गोणपाट होतं त्यावर दगड पडला, आणि त्या भोकात तुझं तोंड. पांढरं झालेलं, भुवयांवर चुना. चष्मा घातलेला.

तू तिला बघितलंस. पुढचं तुला माहीत आहे, तुझ्याशीच बोलली ती. पण बोलण्याआधी तिने काय केलं ते तुला दिसलं नसणार, कारण तू चष्मा पुसायला काढला होतास. तिने हात उचलला आणि भिंतीवर ठेवला. भोकाच्या शेजारी. आपण कबरींवर ठेवतो ना जाता जाता, तसा. मग काढून घेतला आणि विचारलं, "तुला चष्मा कधी लागला?"

तू म्हणालास, "चार वर्षं झाली."

"जवळचा की लांबचा?"

"जवळचा."

"बाबांनाही जवळचाच होता," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तू पुढचा दगड काढायला लागलास.

मी तिथे उभी राहून रडले, मला लाज नाही. गिरणीवाले विचारत होते, काय झालं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही हो, कुणी आलंय.

पण मग संध्याकाळी भोक चांगलं मोठं झाल्यावर तू तिला विचारलंस, "रविवारी येशील ना यातून?" आणि ती म्हणाली, "बघू." तेवढ्यावर तुझा चेहरा पडला, तो मला दिसला. तिच्या "बघू"चा अर्थ तू नाही असाच धरतोस, लहानपणापासून. तिच्या मनात काय आहे हे मलाही माहीत नाही. खोटी आशा लावत नाही. पण तिला बाबांचं ओझं आहे, तुझा राग नाही, एवढं लक्षात ठेव.

डबा धुऊन पाठव. काल तसाच आला.

ताई


२८ एप्रिल

धाकट्या,

थांबला असतास तर काय बिघडलं असतं? शनिवारी दार बसवलंस, बिजागरीला तेल दिलंस, दोनदा उघडझाप केलीस, आणि दुपारच्या गाडीने पसार. म्हणे दुसरं काम खोळंबलंय. एक दिवस थांबलं नसतं का? मला माहीत आहे का गेलास. ती आली नाही तर ते बघायला लागू नये म्हणून गेलास. आईच्या दारात मात्र उभा राहिलास, "येतो" म्हणालास, ती म्हणाली, "जपून जा." इतक्या वर्षांनी एवढं बोलणं झालं हे मी पदरात पाडून घेतलं.

आता रविवारचं ऐक. सगळं सांगते, काही वगळत नाही.

सकाळी मी उठले तर आई आवरून बसलेली. चांगली साडी नेसलेली. मी चहा केला. घंटा झाली. ती उठली, काठी घेतली, म्हणाली, "मागे ये, हात धरू नकोस." तुझे भाऊजी रस्त्यात उभे राहून येणाऱ्या गाड्या थांबवत होते. गाडी एकच होती, ती दुधाची, पण त्यांनी दोन्ही हात पसरून थांबवली.

दारापाशी आली. लाकडावरून हात फिरवला. आणि गेली आत, सरळ, अशी की रोज तिथूनच जात असावी.

आता गंमत बघ, हे तुझ्याही डोक्यात आलं नसेल. दार वेदीच्या शेजारी, म्हणजे आत जाणारा माणूस सगळ्यांच्या समोर उगवतो. उशिरा येणाऱ्यांची आता काही धडगत नाही, तो विषय वेगळा. आई आत गेली आणि अख्खं गाव तिच्या समोर बाकांवर बसलेलं. फादर घोटा सांभाळत वेदीपाशी उभे. सगळे तिच्याकडे बघताहेत. लहान पोरं बाकावर उभी राहिली. ती थांबली. म्हणाली, अगदी मोठ्याने, कारण तिला हळू बोलता येत नाही, "जन्मभर तुमच्या पाठी बघून प्रार्थना केली. तोंडं बरी आहेत तुमची." चर्च हसायला लागलं. फादरही हसले. घड्याळजी तेवढे घड्याळाकडे बघत होते. एक मिनिटही हललेलं नव्हतं, हे नंतर सगळ्यांना सांगत फिरले.

मला वाटलं ती आता आपल्या बाकावर बसेल. तिची जागा मी पुसून ठेवली होती. ती बाकापाशी आली आणि पुढे गेली. मला वाटलं चुकलं तिचं, दोन वर्षांनी आलीय. मी मागून हळूच म्हटलं, "आई, हा आपला बाक." तिने ऐकलंच नाही. मधल्या वाटेने चालत राहिली, काठी टेकत, सगळ्या माणसांमधून, सरळ. आणि नदीकडच्या मोठ्या दाराने बाहेर पडली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, धाकट्या. आतली फरशी सपाट. दाराबाहेर कबरींची जागा, तीही सपाट. ओहोळ राहिला बाजूला. दार झालं की मेलेल्यांना कुणी विचारणार नाही म्हणून सात वर्षांपूर्वी भांडली तीच बाई, आणि तिलाच त्या दारातून बाबांपर्यंत पोचता आलं. दोन वर्षं चर्चला जात नव्हती म्हणून मी हळहळत होते. बाबांकडेही दोन वर्षं जात नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्ही सगळे मिस्साचं, रविवारच्या उपासनेचं, बोलत होतो. ती मात्र कधी कशाचं बोलत होती कोण जाणे.

मी दारातच थांबले. ती बाबांच्या दगडापाशी गेली, वाकता येत नाही म्हणून काठी दगडाला लावली, आणि हात ठेवला. बोलत होती. किती तरी वेळ. सगळं ऐकू आलं नाही. एवढं आलं: "उशीर झाला मला. दार आता झालं. तुमच्या वेळेला मीच होऊ दिलं नाही. पोराने केलंय. तुमच्यासारखंच केलंय." आणि मग तुझा चष्मा, सुताराची खुर्ची, फादरांचा घोटा, दोन वर्षांचं सगळं सांगत बसली.

आत फादर थांबले होते. मिस्सा सुरू केली नाही त्यांनी. कुणी कुजबुजलं नाही, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, घड्याळजींनीसुद्धा नाही. ती आली, बाकावर बसली, पदर नीट केला आणि फादरांना म्हणाली, "करा आता सुरू." जसं काही त्यांनीच उशीर लावला होता!

आता गावात नवीनच चाल पडलीय. मिस्सा झाली की लोक नव्या दाराने घरी जात नाहीत. आधी नदीकडे बाहेर पडतात, आपापल्या माणसांना भेटतात, मग चर्चमधून परत येऊन रस्त्यावर निघतात. फादर म्हणतात हे इतिहासात शेवटच्या पानावर घालायचं. मी म्हटलं, घाला, पण ओहोळात स्वतः पडलात तेही घाला.

आई मजेत आहे. आता खरंच मजेत आहे, हे लिहून मी कॉलरी शिवायला उठले नाही.

काल मी हे पत्र लिहायला बसले तर ती मागे येऊन उभी राहिली. इतके महिने मी लपवून लिहीत होते, तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, "त्याला माझ्याकडून एक लिही." मी पेन हातात धरून बसले. वाटलं, आता माफ कर म्हणेल, नाहीतर आशीर्वाद देईल. तिने खिडकीतून समोरच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "लिही, दाराचा उंबरा उंच झालाय. माझा पाय अडकतो. येऊन कमी करून दे. दोन-चार दिवस लागतील, तेव्हा घरीच उतर म्हणावं."

मी जाऊन बघितलं. दाराला उंबराच नाही. तिचा पाय अडकू नये म्हणून तूच ठेवला नाहीस. पण तिने सांगितलं तसं मी लिहिलंय. तुझी खोली झाडून ठेवलीय.

ताई